बंद लेयर

कळंबोशीत कुणाचं लग्न असो, वाढदिवस असो, कुणी सरपंच होवो की कुणी देवाघरी जावो, फ्लेक्स व्हायचा तो शिवानंद घोंगडेच्या दुकानातच. बसस्टँडसमोरच्या ‘घोंगडे डिजिटल’मध्ये एकवीस वर्षांत गावातला जवळपास प्रत्येक चेहरा एकदा तरी त्याच्या पडद्यावर येऊन गेला होता. फोनवरून पाठवलेला पुसट फोटो तो घ्यायचा नाही. “समोर येऊन बसा,” म्हणायचा, आणि आपल्या मोठ्या कॅमेऱ्यानं स्वतः फोटो काढायचा.

बॅनरची फाइल म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. खालच्या काचेवर आकाश, तिच्यावर हार-तुरे, तिच्यावर माणसं, सगळ्यांत वर अक्षरं. या काचांना धंद्यात लेयर म्हणतात. एखाद्या चुलत्याशी भांडण झालं की घरचे सांगायचे, “त्याला काढा.” शिवानंद काढायचा नाही, नुसता लेयर बंद करायचा. बॅनरवर चुलता दिसायचा नाही, पण फाइलमध्ये असायचा. दोन वर्षांनी समेट झाला की एका क्लिकमध्ये परत यायचा. दुकानाच्या लोखंडी कपाटात अशा फाइलींनी भरलेल्या छत्तीस हार्डडिस्क होत्या.

मग जड फाइलींचा कायदा आला. राज्यातली डेटा केंद्रं वीज आणि पाणी इतकं प्यायला लागली होती की दोन जिल्ह्यांत उन्हाळ्यात भारनियमन त्यांच्यामुळंच होतं. लोकांच्या फोनमधले जुने फोटो कंपन्यांनी तीन वर्षांपूर्वीच, कुणाला फारसं न विचारता, ‘सार’ या नव्या प्रकारात बदलून टाकले होते. आता धंदेवाल्यांची पाळी होती. एकतीस मार्चपर्यंत जुन्या फाइली ‘सार’मध्ये बदलायच्या, मूळ फाइली पुसायच्या आणि तसं कळवायचं. नाही केलं तर दुकानाचं नेट बंद.

‘सार’ची युक्ती साधी होती. पूर्वी फोटो लहान करताना डोळ्याला न कळणारे बारकावे गाळायचे. ‘सार’ त्याच्या पुढं गेलं. मशीनला स्वतःच्या अंदाजानं जे भरता येईल, ते सगळंच ते गाळायचं. मशीननं अब्जावधी फोटो पाहिलेले. आंब्याचं पान कसं असतं, पैठणीचा काठ कसा चमकतो, हसताना गाल कसे वर जातात, हे त्याला पाठ. मग प्रत्येक पान कशाला साठवायचं? ‘आंबा, उजवीकडून ऊन, एवढी उंची’ अशा काही खुणा ठेवल्या की पुरे. फोटो उघडला की मशीन त्या खुणांवरून चित्र पुन्हा रंगवायचं. खुणा भरपूर असल्या तर चित्र अगदी मुळाबरहुकूम यायचं. खुणा कमी असल्या तरी ते पुसट यायचं नाही. तितकंच लख्ख यायचं. फक्त त्यात मशीनचं स्वतःचं जास्त असायचं.

मार्च संपायला नऊ दिवस उरले तेव्हा शिवानंदनं कपाट उघडलं. पहिली डिस्क लावल्यावर पडद्यावर प्रश्न आला. बंद लेयरचं काय करायचं? पूर्ण जपायचे तर त्रेचाळीस दिवस. खुणेपुरते जपायचे तर दोन.

त्याची बायको महानंदा शेजारी बसून पावत्या लावत होती. तिनं मान वर करून पाहिलं. “बंद केलेलं कुणाला बघायचंय आता? दोन दिवसांचं घ्या.”

त्यानं दोन दिवसांचं घेतलं. काम झाल्यावर चार-पाच फाइली उघडून पाहिल्या. रंग मुळापेक्षा उठावदार वाटत होते. छत्तीस डिस्क पुसून भंगारात गेल्या आणि लोखंडी कपाटात महानंदानं शाईचे डबे ठेवले.

जूनमध्ये एका सकाळी कावेरी माळवदे दुकानात आली. बरोबर पोलीस ठाण्याच्या हवालदार गुरवबाई होत्या. कावेरीला गावात सगळे ओळखत. ती शाळेत खिचडी शिजवायची. अकरा वर्षांपूर्वी तिची सात वर्षांची ईश्वरी आठवडी बाजारातून नाहीशी झाली होती. त्या धक्क्यानं नवरा दोन वर्षांत गेला. कावेरी मात्र दर सोमवारी ठाण्यात जाऊन “काही कळलं का?” विचारायची आणि मग शाळेत जायची.

“शिवाभाऊ,” ती म्हणाली, “आता म्हणे मशीनच शोधतं. लहानपणीचा फोटो दिला की पोर आज कशी दिसत असेल ते काढतं आणि सगळीकडच्या कॅमेऱ्यांत हुडकतं. पण चांगला फोटो लागतो. माझ्या दिराच्या लग्नाचा बॅनर तुम्हीच केला होता. तिचा फोटो तुम्ही मोठ्या कॅमेऱ्यानं काढला होता.”

शिवानंदला आठवलं. लग्नानंतर चार महिन्यांत पोर हरवली. पुढं त्याच दिराच्या मुलाच्या बारशाचा बॅनर जुन्याच फाइलवर करायचा होता, तेव्हा दीर खाली मान घालून म्हणाला होता, “तिला नका ठेवू. वहिनीला बघवत नाही.” शिवानंदनं लेयर बंद केला होता.

त्यानं फाइल उघडून तो बंद लेयर चालू केला. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, हसरी मुलगी पडद्यावर लख्ख उभी राहिली.

कावेरीनं तोंडावर पदर धरला. “हीच,” ती म्हणाली. “हीच माझी ईशू.”

शिवानंदचा हात मात्र माउसवर थबकला. ईश्वरीच्या डाव्या भुवईत एक व्रण होता. पाळण्याचा हूक लागून झालेला. लग्नाच्या बॅनरसाठी दिरानं तो काढायला लावला होता, आणि शिवानंदनं वर दुसरा लेयर घेऊन तो झाकला होता. पण आता उघडला होता तो खालचा, हात न लावलेला फोटो. त्यात व्रण दिसायला हवा होता. भुवई सरळ, गुळगुळीत होती.

“सही करा इथं,” गुरवबाईंनी टॅब पुढं केला. “फोटो मूळ आहे, असं फोटोग्राफरनं लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय मशीन घेत नाही.”

“हा ‘सार’मधला आहे,” शिवानंद म्हणाला.

“आजकाल कशाचं मूळ राहिलंय? काढला तुम्हीच ना?”

“काढला मीच.”

कावेरी पडद्यावरून नजर हलवायला तयार नव्हती. तिनं हात पुढं करून काचेवरच्या गालाला बोट लावलं. मूळ फोटो मी मार्चमध्ये पुसला, दोन दिवस वाचवायला पुसला, हे त्या क्षणी तिला सांगणं शिवानंदला जमलं नाही. त्यानं सही केली.

दीड महिन्यानं ईश्वरी सापडली.

ती पुण्याजवळच्या एका कारखान्यात फोनचे सुटे भाग जोडत होती. वय अठरा. नाव रोशनी. लहानपणापासून एका अनाथाश्रमात वाढलेली, आईबाप आठवत नव्हते. मशीननं सत्त्याण्णव टक्के जुळणी सांगितली. रक्ताच्या तपासणीला वर्षभराची रांग होती, आणि दोन्ही बाजू सज्ञान असून राजी असतील तर ती बंधनकारक नव्हती. कावेरी राजी होती. रोशनी तर राजीपेक्षा जास्त होती. एसटीतून उतरली ती सरळ कावेरीच्या गळ्यात पडली, आणि अख्खं बसस्टँड रडलं.

स्वागताचा बॅनर अर्थातच शिवानंदकडं आला. रोशनी फोटोसाठी स्टुलावर बसली. अगदी तीच मुलगी, फक्त मोठी झालेली. शिवानंदला हायसं वाटलं. व्रणाचं आपलंच काहीतरी चुकलं असेल, लहानपणीचे व्रण भरतात.

“कॅमेऱ्यासमोर छान बसतेस,” तो म्हणाला.

“सवय आहे, काका,” ती हसली. “आश्रमाच्या देणगीच्या जाहिरातीत मीच असायचे. सहा-सात वर्षांची असताना. सगळ्या राज्यात बोर्ड लागायचे, नेटवर तर विचारूच नका. शंभरेक फोटो असतील त्या वयातले.”

ती गेल्यावर शिवानंद पडद्यासमोर बसला. मशीननं अब्जावधी फोटो पाहिलेले. त्यात सहा-सात वर्षांची, दोन वेण्यांची, या भागातली, हसणारी मुलगी त्यानं सगळ्यांत जास्त वेळा कुणाची पाहिली असेल?

त्यानं संग्रहात शोध लावला. मुलगी, वय सहा ते आठ, बंद लेयर. तीनशे बारा फाइली निघाल्या. पहिली शाळेच्या प्रजासत्ताक दिनाची होती. वगळलेल्या रांगेतली मुलगी त्यानं चालू केली. रोशनी हसत उभी होती. दुसरी फाइल पाटलांच्या वास्तुशांतीची. कोपऱ्यात परकर-पोलक्यात रोशनी. तिसऱ्यात जरा सावळी, पण तीच. चौथीत नाक वेगळं, हसू तेच. वीस फाइली उघडून तो थांबला. नऊ मुली सरळ रोशनी होत्या. उरलेल्या अकरा तिच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा होत्या. त्या वीसही मुली त्यानं या स्टुलावर बसवलेल्या होत्या. एकीचा पुढचा दात पडलेला होता, एक कॅमेऱ्याला घाबरून रडली होती. आता सगळ्यांचे दात जागेवर होते आणि सगळ्या हसत होत्या.

एकविसावी फाइल त्याच्या स्वतःच्या घरची होती. त्याच्या मुलीचा, वीणाचा, सातवा वाढदिवस. फोटो तिला आवडला नव्हता म्हणून त्यानं लेयर बंद करून दुसरा लावला होता. त्यानं तो चालू केला आणि महानंदाला हाक मारली.

“ही कोण सांग.”

महानंदानं चष्मा वर केला आणि तिचा चेहरा फुलला. “अगं बाई, वीणू! किती गोड दिसायची ना? तिला पाठवा ना हुबळीला, खूश होईल.”

“नीट बघ.”

“बघतेय की. माझ्या पोरीला मी ओळखणार नाही का?”

वीणाचे कान थोडे पुढं आलेले होते, त्यावरून तिला शाळेत चिडवायचे. पडद्यावरच्या मुलीचे कान डोक्याला चिकटलेले होते. पण आता त्यालाही प्रश्न पडला, वीणाचे कान खरंच तसे होते का? त्यानं हुबळीला फोन लावला. वीणा म्हणाली, “काय हो बाबा, भरदुपारी कान कसले विचारता? आहेत की पुढं आलेले. केसांनी झाकते मी.”

त्यानं फोन ठेवला आणि पायात चपला अडकवून तो कावेरीच्या घरी गेला.

शाळा सुटून कावेरी नुकतीच आली होती. रोशनी आत चहा टाकत होती. कावेरीनं त्याला खाट दाखवली. तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. डिस्क, दोन दिवस, खुणा, वीस मुली. मध्ये एकदाही थांबला नाही, कारण थांबलो तर पुढचं सांगता येणार नाही हे त्याला माहीत होतं.

कावेरी ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, “ताई, ईश्वरीच्या भुवईत व्रण होता. डाव्या. मी माझ्या हातानं झाकला होता.”

“होता ना?” ती म्हणाली. “होता ना, भाऊ?”

“होता.”

“पहिल्याच दिवशी मी हिची वेणी घालताना बघितलं. भुवई साफ. मग फोन काढून जुने फोटो बघितले. त्यातही नव्हता. एकाही फोटोत नव्हता. म्हटलं, माझंच डोकं फिरलं. अकरा वर्षं रडून माणसाला काय धड आठवणार? पाळण्याचा हूक माझ्याच हातून लागला होता. ते रक्त मी पदरानं पुसलं होतं. तेसुद्धा मला खोटं वाटायला लागलं होतं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. रोशनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती म्हणाली, “मी सामान आवरते.”

“बस गप,” कावेरी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “कुठं जाणार आहेस? तुझी काय चूक आहे?” मग ती शिवानंदकडं वळली. “माझी कुठं आहे मग? आता तर तिला कुणी शोधतसुद्धा नाही. सापडली म्हणून फाइल बंद केली त्यांनी.”

शिवानंद म्हणाला, “मी सही मागं घेतो.”

“तुमच्यावर केस होईल.”

“होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात गेला आणि लिहून दिलं की फोटो मूळ नव्हता. खोट्या प्रमाणपत्राचा गुन्हा दाखल झाला, दुकानाचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला गेला. महानंदा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वीणाचा तो फोटो पुन्हा उघडायला लावला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मग आपली कशी दिसत होती हो?” त्याला नीट सांगता आलं नाही. दोघंही मग दुकानाचं शटर ओढून घरी आले.

ईश्वरीची फाइल पुन्हा उघडली गेली. रोशनी कावेरीकडंच राहिली. सकाळी ती शाळेत कांदे चिरून द्यायची. कावेरीबरोबर सोमवारी ठाण्यातही जाऊ लागली. कावेरी विचारायची, “काही कळलं का?” आणि रोशनी शेजारी उभी राहायची.

तिसऱ्या आठवड्यात गुरवबाईंचा फोन आला. मुक्काम हिंगोलीकडचा, वय एकोणीस, जुळणी पंच्याण्णव टक्के. मुलगी सकाळच्या गाडीनं आली आहे.

कावेरीनं शिवानंदला निरोप धाडला. तिघं ठाण्यात गेले. आतल्या बाकावर एक मुलगी बसली होती. पायाशी पिशवी, अंगावर बहुधा खास या दिवसासाठी घेतलेला ड्रेस. कावेरीला पाहून ती उठली. शिवानंद दारातच थांबला. हसू त्याच्या ओळखीचं होतं.

कावेरी तिच्याजवळ गेली. तिचा हात धरून तिनं मुलीच्या कपाळावरचे केस एका बोटानं बाजूला केले आणि डावी भुवई पाहिली. मुलगी तशीच उभी होती, डोळे मिटून, जणू आई नजर उतरवते आहे.

“नाही,” कावेरी म्हणाली. पण तिनं मुलीचा हात सोडला नाही. “बाई, ही माझी नाही.”

मुलगी एकदम बाकावर बसली. तिला रडूही आलं नाही. “मी कामावरचं सोडून आले,” एवढंच ती म्हणाली.

“गुरवबाई,” शिवानंद पुढं झाला, “मी सही मागं घेतली होती ना? मग हे कसं?”

“सहीमुळं जुनी जुळणी रद्द झाली. फोटो नाही रद्द होत,” गुरवबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज पडला होता. “फोटो हटवायचा तर त्याच्या जागी दुसरा मूळ फोटो लागतो. आहे का तुमच्याकडं?”

“नाही.”

“यांच्याकडं?”

“फोनमधले आहेत,” कावेरी म्हणाली. “त्यात ईशू नाही.”

“मग मशीन हाच चेहरा घेऊन बसणार. ही नाही तर हिच्याखालची.” गुरवबाईंनी पडदा त्यांच्याकडं वळवला. नावं, गावं, टक्के. “नव्वदच्या वर अजून चौदा आहेत, मावशी. सगळ्या आश्रमातल्या, नाहीतर रस्त्यावर सापडलेल्या. घरचं कुणी नाही.”

कावेरीनं ती यादी वाचली नाही. “त्या पोरींना कुणी सांगितलंय का,” तिनं विचारलं, “की हे काही नक्की नाही म्हणून?”

“आम्ही काहीच सांगत नाही. जुळणी झाली की मेसेज आपोआप जातो. मधे एक रद्द झाली, त्यामुळं यंत्रणेनं आता एकेक करून न कळवता उरलेल्या सगळ्यांना एकदमच कळवलंय. आज सकाळी.” गुरवबाईंनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या. “तुमच्या आईचा शोध लागला आहे. ती तुमची वाट पाहत आहे. पत्ता खाली दिला आहे.” खाली कावेरीच्या घरचा पत्ता होता.

बाकावरच्या मुलीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

रोशनीनं खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि ती दाराकडं निघाली.

“कुठं चाललीस?” कावेरीनं विचारलं.

“घरी,” रोशनी म्हणाली. “दुपारची गाडी यायची वेळ झाली. कुणीतरी दारात असायला पाहिजे.”